लंगरात काम मागायला गेलो तेव्हा

लेकीला लेकरू होईपर्यंत बापानं तिच्या घरी जेवायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही, असा आमच्याकडं नेम आहे. हा कुणी शिकवत नाही. माझा बाप माझ्या थोरल्या बहिणीला भेटायला जायचा तेव्हा धडप्यात भाकरी बांधून न्यायचा. तिच्या गावच्या शिवेवर एक विहीर होती. तिथं बसून खायचा, तिथंच पाणी प्यायचा, मग तिच्या दारात जायचा. कुणी तांब्या पुढं केला तर हात जोडायचा. बहिणीला पहिला पोरगा झाला त्या साली बाप तिच्या घरी पोटभर जेवला आणि ते जेवण त्यानं गावात महिनाभर सांगितलं. मी ते बघत वाढलो. चौथीनंतर शाळेत गेलो नाही, तरी असल्या गोष्टी मला पाठ आहेत आणि त्या मी मोडत नाही.

माझी लेक नांदेडला दिलेली आहे. जावई बियाण्याच्या दुकानात कामाला. माणूस सरळ. लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि लेकरू नव्हतं. अकरा वर्षांत मी तिच्या घरी बऱ्याच वेळा गेलो, पण तासाभराच्या वर बसलो नाही. सकाळच्या गाडीनं जायचं, दुपारच्या गाडीनं परत. त्यामुळं नेमाला अडचण अशी कधी आली नाही.

अडचण आली ती आमच्या मंडळीचा पाय गोठ्यात घसरला तेव्हा. खुब्याचं हाड मोडलं. आमचं गाव जळकोट तालुक्यात. तिथून लातूर काय आणि नांदेड काय, धक्के दोन्हीकडं सारखेच. लेक तिथं आहे म्हणून नांदेडला नेलं. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, दोन महिने इथंच कुठंतरी जवळ राहा, दर आठवड्याला दाखवायचं आहे. जवळ म्हणजे लेकीच्या दोन खोल्या. गावाकडचं शेत पोरगा बघत होता, तिकडची काळजी नव्हती.

मंडळीचं मी ठरवून टाकलं की आजारी माणसाला नेम नाही. माझे मात्र हातपाय धड होते. झोपायला काही मनाई नव्हती, म्हणून पुढच्या ओट्यावर बाज टाकून झोपायचो. सकाळी तिला उठवून बसवायचं, धरून चार पावलं चालवायचं, ही कामं माझ्याकडं, कारण लेकीला एकटीला ते पेलत नव्हतं. पाणी चौकातल्या नळावर प्यायचो, चहा टपरीवर. जेवायला बसस्टँडजवळची एक खानावळ धरली.

पहिल्या दिवशी लेकीनं विचारलं, "आबा, ताट करू?"

"जेवून आलो."

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं तेव्हाही तेच सांगितलं. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं नाही. जावई एकदा म्हणाला, "मामा, जग कुठं चाललं अन् तुम्ही..." मी त्याच्याकडं बघितलं. तो डबा उचलून दुकानाला गेला.

खानावळीच्या तिखटानं दहा दिवसांत पोटाची आग करून टाकली. टपरीवाला म्हणाला, "बाबा, गुरुद्वाऱ्यात जात जा की लंगरला. साधी दाळ, पोळी, भात. कुणी जात विचारत न्हाई, गाव विचारत न्हाई."

"फुकटचं खाणाऱ्यातला मी न्हाई."

"मग खा तिखट," तो म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळला.

दोन दिवस आणखी काढले आणि गेलो. पंगत मला नवी नव्हती. गावातल्या लग्नात, सप्त्यात मी चाळीस वर्षं वाढलेलं आहे. इथं लांब पट्ट्या अंथरलेल्या होत्या. माझ्या एका बाजूला एक ट्रकवाला बसला आणि दुसऱ्या बाजूला पंजाबातून आलेली एक म्हातारी. दाळ आली, भात आला. पोळ्यांची टोपली घेऊन एकजण आला आणि माझ्यासमोर थांबून राहिला. पोळी ताटात टाकेना. ट्रकवाल्यानं खुणेनं सांगितलं, दोन्ही हात पुढं करा, मग देतात. मी केले नाहीत. हात पसरून मी जन्मात काही घेतलं नव्हतं. वाढणारा जरा थांबला आणि पुढं गेला. मी दाळभात खाल्ला, ताट जागेवर नेऊन दिलं. पोटाला बरं वाटलं. मनाला नाही. बाहेर पायरीवर बसून ठरवलं की यांचं काम केल्याशिवाय दुसऱ्यांदा इथं बसायचं नाही.

काम मागणं सोपं असेल असं मला वाटलं होतं. पहिल्या खिडकीवर गेलो. खिडकीतला म्हणाला, "खोली पाहिजे का?"

"खोली न्हाई. काम पाहिजे."

"नोकरीचं इथं नाही."

"नोकरी न्हाई हो. तुम्ही ती सेवा म्हणता ती करायचीय."

"मग करा की."

"कुठं करू?"

"कुठंही करा."

मला ते बोलणं आवडलं नाही. दुसऱ्या एका टेबलाकडं गेलो, तिथल्या माणसानं देणगीचं पुस्तक पुढं ओढलं. त्यालाही समजावलं. तो हसून म्हणाला, "अंदर जाओ, बाबाजी." आत गेलो तर आत सगळे आपापल्या कामात. कुणी भाजी चिरतंय, कुणी फरशी पुसतंय, कुणी ताटं धुतंय. मी खांबाला टेकून उभा राहिलो. आमच्या गावात लग्नघरी न बोलावता कुणाच्या कामात हात घालणारा माणूस हलका समजतात. घरधनी येतो, म्हणतो, "अहो, तेवढं भाताचं तुम्ही बघा." मग माणूस बाह्या वर करतो. मी त्या हाकेची वाट बघत उभा राहिलो. अर्धा-पाऊण तास गेला. कुणी हाक मारली नाही. परत फिरलो. दुसऱ्या दिवशीही तसाच उभा राहून परत आलो आणि त्या दोन दिवसांत उसाच्या रसावर राहिलो.

तिसऱ्या दिवशी एक म्हातारा सेवादार माझ्याजवळ आला. वयानं माझ्याएवढाच, पांढरी दाढी, निळी पगडी. जन्म नांदेडचाच होता, मराठी आमच्यासारखीच बोलायचा, मधूनच हिंदी यायचं.

"तीन दिवस झाले, खांब पडून राहिला का बाबा? धरून उभे असता म्हणून विचारलं."

"कुणी सांगितल्याशिवाय कसं करायचं काम?"

"इधर सांगणारा कुणीच नाही. मलाही कुणी सांगितलं नाही. जिथं जागा दिसेल तिथं बसायचं."

"मुकादम कोण हाय इथला?"

त्यानं वर बोट केलं. मी वर बघितलं. वर पंखा होता. तेवढ्यात तो जवळ सरकला आणि त्यानं नाक आवळलं. "तंबाखू?"

"सवय हाय."

"ते नाही चालणार. तोंड धुऊन या आणि डबी बाहेर ठेवून या. बाकी तुमची काही चौकशी नाही."

मला राग आला. साठ वर्षांची सवय. पण नियम त्यांच्या घरचा होता आणि दुसऱ्याच्या नेमाला नावं ठेवणारा मी नाही. डबी टपरीवाल्याकडं ठेवली, चूळ भरली आणि येऊन लसूण सोलणाऱ्यांच्या घोळक्यात बसलो. माझ्या शेजारी एक रिटायर मास्तर होते. त्यांचा ढीग माझ्या निम्मा. ते बघून मला जरा बरं वाटलं. दीड तास सोलला आणि मग पंगतीला बसलो. पोळी आली तेव्हा दोन्ही हात पुढं केले. सेवादार लांबून बघत होता. तिथं पोळीला प्रशादा म्हणतात. नंतर म्हणाला, "घेतला ना प्रशादा?"

"ती माझी मजुरी."

"मजुरी नाही बाबा, प्रशाद."

"तुमच्यासाठी प्रशाद. माझ्यासाठी मजुरी."

त्यानं वाद घातला नाही. त्याला बहुतेक माझ्यासारखे भेटलेले असावेत.

आठवडाभरानं मी आपणहून भाताचं भांडं उचललं. वाढणं हे माझं काम. तिथं माझी चूक झाली. आमच्याकडं पाहुणा नको म्हणतो, हात आडवा करतो, आणि वाढप्यानं हाताच्या फटीतून वाढायचं असतं. तो "अहो बास" म्हणाला की आणखी एक पळी. असं केलं नाही तर पाहुणा घरी जाऊन सांगतो, वाढायला मन नव्हतं. मी तसंच वाढलं. "घ्या हो, लाजू नका," म्हणत पूर्ण रांग भरून काढली. एक बाई "बस, बस" म्हणत होती, तिला दोन वेळा वाढलं. पंगत उठली तेव्हा माझ्या रांगेतल्या ताटांमध्ये भात राहिलेला. दुसऱ्या रांगेतली ताटं पुसल्यासारखी.

सेवादारानं मला बाजूला घेतलं. "काय केलं हे?"

"आग्रह केला."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? माणूस नको म्हणतो ते वरवरचं असतं."

"इथं नसतं. इथं नको म्हणजे नको आणि पाहिजे म्हणजे पाहिजे. भूक माणसाला ठाऊक असते, वाढणाऱ्याला नाही."

चाळीस वर्षं वाढलेल्या माणसाला हे चार लोकांत ऐकावं लागलं. मी भांडं खाली ठेवलं. दोन दिवस नुसती ताटं धुतली. तिसऱ्या दिवशी पुन्हा भांडं घेतलं आणि विचारून वाढलं. अजूनही मला ते कोरडं वाटतं. पण ताटं स्वच्छ यायला लागली, हे खरं आहे.

असे तीन आठवडे गेले. रोज बाराला पटका बांधून निघायचो, गल्लीतून जायचो, दीड-दोनला परत यायचो. रात्रीचं जेवण सोडूनच दिलं होतं, म्हातारपणी एक वेळ पुरतं. सगळं मार्गाला लागलं असं मला वाटत होतं.

एका सकाळी लेक बाहेर गेली होती. हल्ली ती नऊला जायची आणि अकराला यायची. भाजी आणते, बँकेत काम आहे, असं काहीतरी सांगायची. मंडळीला मी भिंतीला धरून चालवत होतो. ती मध्येच थांबली.

"दुखतंय का?"

"मला न्हाई. तिला."

"कुणाला?"

"पोरीला. गल्लीतल्या बाया तिला विचारून राहिल्या, तुझा बाप जेवायला रोज कुठं जातो म्हणून. ती काय सांगल? त्याच उत्तर देतात मग. लेकराचं न्हाई ना अजून काही, म्हणून."

"मी तिला कधी बोल लावला का? एका शब्दानं?"

"तोंडानं न्हाई लावला. तुम्ही रोज बारा वाजता पटका बांधून गल्लीतून चालत जाता. बोलणंच हाय ते."

"नेम हाय तो. मी केला का?"

"तुम्ही न्हाई केला. पण ती तुमच्या वाट्याची भाकर रोज करती. दुपारी गाईला घालती. मी बघून राहिले ना इथं पडल्या पडल्या."

मी तिला बाजेवर बसवलं आणि बाराला निघालो. जाताना कोपऱ्यावरच्या दोन बाया बोलायच्या थांबल्या. त्या आधीही थांबत असतील. माझं लक्ष त्या दिवशी गेलं.

लंगरात भात वाढून झाला आणि मी शेवटच्या पंगतीला बसलो. सेवादार शेजारी येऊन बसला. तसं तो कधी बसत नसे. पोळी हातात आली तेव्हा म्हणाला, "तुमची मुलगी फार पातळ लाटते. आमच्या बाया तिच्याकडून शिकून राहिल्या."

"माझी मुलगी?"

"मग कुणाची? आधी चार दिवस नुसती येऊन विचारायची, ते पटक्याचे बाबा काल जेवले का, पोटभर जेवले का. मी सांगितलं, रोज विचारायला येतेस तर बस आणि लाट. तेव्हापासून बसते. नऊला येते. तुम्हाला ठाऊक नाही?"

मला काम मिळायला तीन दिवस खांब धरावा लागला होता. ती आली, बसली आणि लाटायला लागली.

हातात पोळी होती. ती लेकीच्या हातची असेल किंवा नसेलही, तिथं शंभर हात लाटतात. पंगतीत घेतलेलं टाकायचं नाही, म्हणून खाल्ली. खाताना हिशेब केला: पीठ गुरुद्वाऱ्याचं, तवा गुरुद्वाऱ्याचा, जागा गुरुद्वाऱ्याची. नेम मोडला नव्हता. तरी दुसरी पोळी आली तेव्हा मी हात पुढं केले नाहीत.

घरी आलो. ती ओट्यावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती.

"तू लंगरला जातीस?"

"हाव."

"मला न सांगता?"

"तुम्ही मला विचारून जाता का?"

"मी तिथं जेवतो ते ठाऊक होतं तुला. माझा नेम मोडायला गेलीस."

"कसा मोडला? पीठ माझं न्हाई, चूल माझी न्हाई." माझाच हिशेब तिनं मला वाचून दाखवला. मग हातातली घडी खाली ठेवली. "फक्त हात माझे होते. आता तुम्हीच सांगा आबा, नेम हाताचा हाय का घराचा? हाताचा असंल तर तुम्ही पंधरा दिवस खाऊनच राहिले. अन् घराचा असंल, तर हे घर भाड्याचं हाय. वर घरमालक राहतो. त्याला चार नातवंडं हायत."

आतून मंडळी हसली. खुबा दुखला म्हणून "आई गं" म्हणाली आणि परत हसली. लेक हसली नाही. ती माझ्याकडं बघत होती आणि तिचे डोळे कोरडे होते. अकरा वर्षांत तिनं मला हे पहिल्यांदा विचारलं होतं. मी म्हटलं, "बघू." माझ्याच्यानं तेवढंच निघालं. रात्री ती आत भांडी घासत होती तेव्हा मी बाजेवर पडून बाप आठवून बघितला. त्याला कुणी हे विचारलं असतं तर त्यानंही "बघू"च म्हटलं असतं, असं मला वाटतं. फक्त त्याला कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता पटका बांधला. लेक चुलीकडं तोंड करून उभी होती, तिनं मागं बघितलं नाही. मंडळीनं भिंतीकडं तोंड फिरवलं. मी निघालो. गल्लीत नेहमीच्या बाया होत्या. कोपऱ्यापर्यंत गेलो. तिथं नळावर आणखी तिघी-चौघी पाणी भरत होत्या. मी थांबलो. आत, घरातल्या घरात, गुपचूप ताटावर बसता आलं असतं. पण रोजचं जाणं सगळ्या गल्लीनं बघितलं होतं. त्यामुळं परत येणंही गल्लीनंच बघायला पाहिजे होतं. मी वळलो आणि गल्लीच्या मधून, सावकाश, परत आलो. बाया बघत होत्या. बघू दिलं.

दारात उभा राहून, सप्त्याच्या पंगतीत लावायचो तसा आवाज लावला, "अगं ए, वाढ मला! भूक लागली!"

समोरच्या घरातली बाई हातात सूप घेऊन बाहेर आली.

लेक दारात आली. माझ्याकडं बघितलं, मग समोरच्या बाईकडं. "ओरडून काय राहिले आबा, आत या की," ती म्हणाली. तिचाही आवाज चांगलाच मोठा होता.

ज्वारीची भाकरी होती, वांग्याचं कालवण आणि कांदा. आधी तिनं पाण्याचा तांब्या ठेवला. मी तो अर्धा प्यालो. कालवणात मीठ कमी होतं, घाईत टाकायचं राहिलं असेल. मी मागितलं नाही. दोन भाकरी खाल्ल्या. ती तिसरी घेऊन उभी राहिली आणि मी नको म्हटलं, तरी तिनं टाकली.